शिवणीमागचे तीन केस

पेटी मी साफ केली. कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सगळ्यांनी मला तेच विचारलं, आणि दरवेळी उत्तर देताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

ही जाऊन तेव्हा अडीच महिने झाले होते. ही म्हणजे माझी बायको. एकतीस वर्षं ती संग्रहालयात कीटकांच्या विभागात सहायक होती. तिच्याकडे माश्या होत्या. माशी टाचणीला टोचायची, खाली चिठ्ठी लावायची, पेटीत ओळीने ठेवायची आणि मग भिंगाखाली धरून तिच्या अंगावरचे केस मोजायचे. गल्लीत तिला माशीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं. म्हणायची, "चालेल. ढेकूणबाई म्हणाले असते तर काय केलं असतं?"

मी ब्रशच्या कारखान्यात होतो. लाकडाच्या ठोकळ्याला भोकं पाडायची, भोकात केसांचा झुबका बसवायचा, तारेने आवळायचा. अडतीस वर्षं तेच. "तुम्ही केस लावता, मी केस मोजते," ही म्हणायची, "घरात न्हावी तेवढा कमी आहे."

तर ती पेटी. आमच्या खिडकीजवळच्या टेबलावर होती. आत अठरा माश्या. दिसायला घरातल्या माशीसारख्याच, जरा राखाडी. अकरा वर्षांपूर्वी हिने त्या एका धुलाईखान्याच्या मागच्या भिंतीवर, सांडपाण्याच्या गटारापाशी पकडल्या होत्या. सगळे म्हणाले, ही साधीच जात आहे, सगळीकडे सापडते. ही म्हणाली, नाही.

का नाही, ते तिने मला जेवताना कितीदा तरी सांगितलं होतं. मी निम्मं ऐकायचो. रंगावरून माशी ओळखता येत नाही, रंग उडतो. लहानमोठेपणावरूनही नाही, अळीला खायला कमी मिळालं की माशी बारकी होते. पण अंगावरचा कुठला राठ केस कुठे उगवायचा, ते जातीजातीला ठरलेलं असतं. बारीक लव कितीही असते, ती कुणी मोजत नाही. राठ केस मोजायचे. डोक्यावरचे किती, खांद्यावरचे किती, मांडीवर आतून किती, बाहेरून किती. डासाच्या अळ्या अशाच ओळखतात. मातीतले डोळ्यांना न दिसणारे किडे असेच ओळखतात. गांडूळ गुळगुळीत दिसतं, पण त्याच्याही प्रत्येक वळ्यावर केस असतात आणि तेही कुणीतरी बसून मोजलेले असतात.

माशीच्या पाठीवर मधोमध एक आडवी शिवण असते. शिवणीच्या मागे, दोन्ही बाजूंना राठ केसांची एकेक ओळ. साध्या माशीच्या ओळीत चार केस. हिच्या माशीच्या ओळीत तीन.

एवढंच. अकरा वर्षं एवढ्याचसाठी. हिच्याकडे पदवी नव्हती, त्यामुळे पत्रांना उत्तरं येत नसत. शेवटी विभागाच्या मॅडमनी लक्ष घातलं. या मॅडम पूर्वी हिच्या हाताखाली शिकायला आल्या होत्या, पुढे शिकून वर गेल्या. हिला त्या ताई म्हणत आणि मला भाऊजी. दोघींनी मिळून लेख लिहिला. माशीला हिने नाव ठेवलं, लॅटिनमध्ये, अर्थ 'धुणारी'. अशा नावापुढे ते ठेवणाऱ्याचं नाव छापतात आणि ते कायम राहतं. पेटीतली एक माशी मुख्य नमुना म्हणून निवडली, तिला लाल चिठ्ठी लावली. नाव खरं तर त्या एका माशीचं असतं, बाकीच्या साक्षीदार. फोटो काढायचे तेवढे राहिले आणि ही आजारी पडली. मॅडमनी पेटी घरी नेऊ दिली, म्हटलं ताईंचा जीव रमेल.

ही गेल्यावर मॅडमचा फोन आला. "भाऊजी, घाई करायला लागतेय, माफ करा. पण पेटी आणून द्या. महिनाअखेरीला लेख गेला पाहिजे. त्याच माशीवर दुसरीकडे कुणीतरी काम करतंय असं कानावर आलंय. त्यांनी आधी छापलं तर नाव त्यांचं लागेल."

मी पेटी उघडली. माश्यांवर धूळ बसली होती. दोन-तीन जणींवर बुरशीची पांढरी तार होती. मला लाज वाटली. हिची वस्तू अशी द्यायची? मी माझा सगळ्यात मऊ ब्रश काढला. कारखान्यातून निघताना मी स्वतःसाठी केला होता तो, भिंगं पुसायच्या ब्रशांच्या केसांचा. गालावर फिरवला तर कळतही नाही. अख्खा रविवार बसलो. एकेक माशी टाचणीने धरून, श्वास रोखून, पुढून मागे, मागून पुढे. शेवटी माश्या चकाचक दिसायला लागल्या. मला बरं वाटलं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की हिच्यासाठी काहीतरी केलं.

सोमवारी पेटी घेऊन गेलो. मॅडमनी झाकण उघडलं आणि लाल चिठ्ठीची माशी भिंगाखाली धरली.

"हे कुणी केलं?"

"मी. साफ केल्या."

"साफ केल्या." त्यांनी दुसरी उचलली. मग तिसरी. "भाऊजी, ही काय भांडी आहेत का हो घासायला?"

मला कळेना. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि भिंगातून बघायला लावलं. माशीची पाठ दिसली. करडी, मोठी, एखाद्या टेकाडासारखी. टेकाड बोडकं होतं. एका बाजूला दोन केस तुटके उभे होते, बस्स.

"वाळलेल्या माशीचा केस फुंकरीनेही पडतो," मॅडम म्हणाल्या. "आम्ही धूळ काढत नाही. धूळ राहू देतो. एकतीस वर्षं ताईंनी एका माशीला ब्रश लावला नसेल."

"तिने मला कधी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत का कधी?"

सांगितलंही असेल तिने. जेवताना. त्या निम्म्यात असेल जे मी ऐकलं नाही.

मॅडम खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. सगळा लेख त्या केसांवर उभा होता. दुसऱ्या एक-दोन खुणा होत्या, पण त्या नुसत्या टेकू. केसांचा तक्ता हिने वहीत करून ठेवला होता, पण छापणारे विचारणार, दाखवा. दाखवायला काय आहे? अठरा बोडक्या माश्या. नव्या पकडाव्यात तर तो धुलाईखाना पाडून तीन वर्षं झाली होती.

मी परत भिंगात डोळा घातला, कारण मॅडमकडे बघवत नव्हतं. आणि बघताना एक गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे ब्रशची तपासणी करताना उलटीकडून उजेड मारायचे. झुबका गळला असेल तर भोक दिसतं. केस जातात, भोक कुठे जाणार?

"मॅडम, केस जिथे बसतो तिथे भोक असतं का?"

"खोबण असते. छोटी वाटीसारखी." त्या वळल्या नाहीत.

"मग ती मोजा ना."

"भाऊजी, लवेलाही खोबण असते. बारकी, पण असते. त्या शेकडो खोबणींत राठ केसाची कुठली, हे ठरवायला एकेका माशीला दोन-दोन तास लागतील. उजेड तिरपा पाहिजे, माशी फिरवत राहायला पाहिजे. माझ्याकडे पुढच्या तीन आठवड्यांत दोन तपासण्या आहेत आणि छप्पर गळतंय. मी कधी करू?"

"मी करतो."

त्या हसल्या. चांगलं हसू नव्हतं ते. "तुम्ही?"

"अडतीस वर्षं भोकं बघितलीयेत मी. पाडलीयेत."

त्यांनी होकार दिला असं नाही. एवढंच म्हणाल्या की टेबल रिकामं आहे, दुपारी दोन ते पाच बसा, कशाला ब्रश लावू नका.

टेबल हिचंच होतं. खुर्ची हिच्या उंचीला लावलेली, माझे गुडघे खणाला आपटायचे. खुर्ची खाली-वर करायचा दांडा गंजला होता. पहिल्या दिवशी मी त्याच्याशीच अर्धा तास झटलो. संग्रहालयाचे म्हातारे शिपाई होते, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. ते दारात उभं राहून बघत होते.

"ताई कधी खुर्चीशी भांडल्या नाहीत," ते म्हणाले.

"ती माझ्याशी भांडायची. खुर्चीला वेळ कुठे होता?"

"तेही खरं."

पहिल्या आठवड्यात मला काहीच जमलं नाही. दोन डोळ्यांनी बघायचं भिंग, मला दोन माश्या दिसायच्या. त्या एक करायला दोन दिवस गेले. मग उजेड. दिवा समोरून लावला तर पाठ नुसती चमकायची. बाजूने लावला तर सावलीत अर्धी बुडायची. खोबण दिसली म्हणून आकडा लिहावा आणि माशी जरा फिरवावी, तर ती धूळ निघायची. धूळ! मी काढायला गेलो ती धूळ नेमकी तिथेच राहिली होती जिथे मला ती नको होती.

चौथ्या दिवशी मी पाच माश्या मोजून मॅडमना तक्ता दाखवला. पाचही माश्यांना पाच-पाच.

"पाच कुणालाच नसतात," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही शिवणीच्या पुढचे दोनही धरलेत. पुढचे दोन, मागचे तीन. मागचे सांगा म्हटलं होतं."

"शिवण दिसतच नाही!"

"ओरडू नका. कडेने सुरू होते, मध्ये पुसट होते. कडेपासून बघत या."

पाचही पुन्हा केल्या. दुसऱ्यांदा दोन माश्यांची डावी बाजू उजवीत लिहिली, कारण भिंगात माशी माझ्याकडे तोंड करून होती. पुन्हा केल्या. घरी गेलो की डोळे मिटल्यावर खोबणीच दिसायच्या. भाजीवाल्याच्या दाढीचे खुंट मी मोजायला लागलो होतो. तो म्हणाला, "काय बघताय काका?" मी म्हटलं, काही नाही, तुझी जात बघतोय. तो चिडला. चिडणारच. मी माशीबद्दल बोलत होतो, हे त्याला कुठून कळणार? दोन दिवस मी दुसरीकडून भाजी घेतली.

मुलीचा फोन रोज संध्याकाळी यायचा. ती दुसऱ्या गावी असते. मी तिच्याकडे राहायला यावं म्हणून मागे लागली होती.

"बाबा, एका माशीसाठी किती दिवस?"

"अठरा माश्या आहेत."

"आई माझ्या परीक्षेच्या दिवशीही केस मोजत होती. आता तुम्ही."

"तुझ्या परीक्षेचं मी बघितलं होतं ना?"

"तुम्ही मला चुकीच्या शाळेत सोडलं होतंत, बाबा."

हे खरं होतं. मी फोन ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात हात बसला. कसा ते सांगता येणार नाही. राठ केसाच्या खोबणीला कड असते, जरा उचललेली, ठोकळ्याच्या भोकाभोवती लाकूड फुगतं तशी. लवेच्या खोबणीला कड नसते. एकदा ती कड ओळखीची झाली की बाकीचा पसारा आपोआप मागे सरतो. रोज दोन माश्या व्हायला लागल्या. तीन. तीन. तीन. हिची वही बाजूला उघडी असायची, हिच्या आकड्याशी माझा आकडा जुळला की मी खूण करायचो. मॅडम अधूनमधून येऊन एखादी तपासायच्या आणि "बरोबर" एवढंच म्हणायच्या. कुलूपकाका चहा आणायला लागले. म्हणायचे, "कारखानदार, आज किती भोकं?"

एका माशीला मात्र चार निघाले. हिच्या वहीत तीन लिहिले होते. मी मॅडमना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "पेटीत एखादी साधी माशी मिसळली असेल. एकाच भिंतीवर दोन्ही बसत असणार. हिला बाजूला काढा." मला हिच्या वहीत चूक निघाल्याचं वाईट वाटलं, पण अठरात एक, चालायचंच.

लाल चिठ्ठीची माशी मॅडमनी मुद्दाम शेवटी ठेवायला लावली होती. आधी हात साफ होऊ दे म्हणून. लेख जायला दोन दिवस उरले तेव्हा मी ती घेतली. मोठी, पंख नीट पसरलेले, पायही एकसारखे. हिने तीच का निवडली ते कळत होतं. सगळ्यांत देखणी होती.

डावीकडून मोजलं. चार.

दिवा हलवला. माशी फिरवली. शिवण कडेपासून बघत आलो. चार. सगळ्यात पुढची खोबण शिवणीला अगदी लागून, बारकी, पण कड होती. उजवीकडे टाचणी गेलेली असल्यामुळे मधलं दिसत नव्हतं, पण ती पुढची तिथेही होती. मी डोळे चोळले, बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो, पुन्हा बसलो. चार.

मग हळूहळू उलगडलं. पुढचा केस मी पाडला नव्हता. तो आधीपासूनच नव्हता. हिच्या हातात माशी आली तेव्हाच तो दोन्ही बाजूंनी गेलेला असणार. मधला गेला असता तर फट दिसली असती, हिला लगेच कळलं असतं. पण पुढचाच गेल्यामुळे ओळ सरळ तिनाची दिसली. हिने उभे केस मोजले, तीन लिहिले आणि लाल चिठ्ठी लावली. वहीतली तारीख बघितली. आजाराचं निदान झालं त्याच्या पुढच्याच आठवड्यातली. अक्षरही तिरकं गेलं होतं.

म्हणजे ज्या एका माशीवर नाव टांगायचं ती साधी माशी होती.

मी तक्त्यात तीन लिहिलं.

मॅडम आल्या, तक्ता बघितला. "झालं? लाल चिठ्ठीलाही तीन?" मी मान हलवली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "भाऊजी, खरंच थकवलं तुम्हाला. आता मी ती परत बघत नाही, उद्या सकाळी फोटो काढते आणि परवा लेख जाईल."

मी घरी आलो. जेवलो नाही. खिडकीजवळच्या टेबलावर पेटीच्या आकाराचा चौकोन दिसत होता, तेवढ्या जागेवर धूळ कमी. मी त्या चौकोनावर ओरडलो. खोटं कशाला सांगू? म्हटलं, मोजता येत नव्हतं तर मॅडमना का नाही सांगितलंस? दुखत होतं तर का बसलीस? एकतीस वर्षं मोजलेस आणि नेमकी हीच एक चुकवलीस! शेजारच्या बाईंनी भिंतीवर थाप मारली.

राग कसला होता? चुकली याचा नव्हता. चुकतं माणूस. मी ब्रशने अठरा माश्या बोडक्या केल्या, मी कुठल्या तोंडाने बोलू? राग याचा होता की आता भांडायला ती नव्हती. मी "चार आहेत" म्हटलं असतं तर तिने "तुम्हाला काय कळतं त्यातलं" म्हटलं असतं. मी म्हटलं असतं, ये, बघ. तिने चार दिवस बघितलंच नसतं. पाचव्या दिवशी बघितलं असतं आणि सहाव्या दिवशी कबूल केलं असतं, तेही असं की चूक माझीच वाटावी. मला ते सहा दिवस पाहिजे होते.

पण एक गोष्ट साधी होती आणि ती सकाळपर्यंत डोक्यातून गेली नाही. तो दुसरीकडचा माणूस, जो याच माशीवर काम करतोय, तो एक ना एक दिवस लाल चिठ्ठीची माशी मागवणार. ती कोणालाही बघायला द्यावीच लागते. तो तिरपा दिवा लावणार आणि त्याला चार खोबणी दिसणार. मग हिचं नाव साध्या माशीत जमा होऊन पुसलं जाणार, आणि तो लिहिणार, त्या बाईंना तीन आणि चार कळत नव्हते. मी तीन लिहून तिला वाचवत नव्हतो. मी तिला त्याच्या तोंडी देत होतो.

सकाळी आठलाच जाऊन संग्रहालयाच्या पायरीवर बसलो. कुलूपकाका म्हणाले, "कारखानदार, आज भोंगा लवकर वाजला?" मॅडम आल्या, पिशवी खाली ठेवायच्या आत मी म्हटलं, "चार आहेत."

"कशाला?"

"लाल चिठ्ठीला. चार आहेत. काल मी खोटं लिहिलं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं आता हाकलून देतील. "खोटं लिहिलंत? उद्या लेख जायचाय आणि तुम्ही मुख्य नमुन्याचा आकडा खोटा लिहिलात? आणि मी बघितलंही नसतं! भाऊजी, हा काय खेळ आहे का?"

त्या भिंगाशी बसल्या. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मी उभाच होतो. मग त्या मागे टेकल्या.

"चार," त्या म्हणाल्या. "पुढचा आधीच गेलेला होता. ताईंची चूक झाली."

आणि मी, जो हेच सांगायला आलो होतो, तो भडकलो. "चूक कसली? तिला बसवत नव्हतं तेव्हा! तुम्ही का नाही तपासलीत? लेखावर तुमचंही नाव आहे ना?"

मॅडमचा चेहरा पडला. कुलूपकाका दारातून हळूच निघून गेले.

"आहे," मॅडम म्हणाल्या. "ताईंनी मोजलं म्हणजे मोजलं, असं मी धरलं. मला तेच शिकवलं होतं इथे आल्यापासून." त्यांनी डोळे पुसले, मग नाकही त्याच रुमालाने पुसलं. "बसा. भांडायला वेळ नाही."

मग त्यांनी सरळ हिशेब मांडला. अठरातल्या सोळा माश्या तीनच्या. म्हणजे जात वेगळी आहे, ताईंचं म्हणणं खरं आहे. चुकीची निवडली ती फक्त एक, जिच्यावर नाव टांगायचं ती. लेख अजून छापलेला नाही, म्हणजे मुख्य नमुना बदलता येतो. एकदा छापून आला असता तर बदलता आला नसता.

सोळांपैकी कुठली घ्यायची? मॅडम म्हणाल्या, तुम्ही सगळ्या पाहिल्यात, तुम्ही सांगा. मी पेटीच्या खालच्या कोपऱ्यातली दाखवली. तिचा एक पाय गेलेला, पंख वाकडा. पण तिच्या डाव्या ओळीतले तिन्ही केस शाबूत होते, तिघांच्या पुढे शिवणीपर्यंत पाठ साफ होती, एकही खोबण नाही. वाकड्या पंखाच्या आडोशाला ब्रश पोहोचला नव्हता. मी झाडलं की कोपरे तसेच राहतात, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

"कुरूप आहे," मॅडम म्हणाल्या.

"असू दे."

त्यांनी तिला नवी लाल चिठ्ठी लावली आणि तिचे फोटो काढले. चांगले आले नाहीत, पण तीन केस दिसत होते. लेखात त्यांनी एक ओळ घातली, की बाकीच्या नमुन्यांचे केस गळले असून खोबणी मोजल्या आहेत. कुणामुळे गळले ते लिहिलं नाही. नाव तेच राहणार होतं, नावापुढे हिचं नाव तेच. एक दिवस आधीच, त्याच दुपारी लेख गेला.

मी निघायला उठलो तर म्हणाल्या, "थांबा. ही राहिली."

देखणी माशी. जुनी लाल चिठ्ठी तिच्या टाचणीला तशीच होती. मी म्हटलं, ती काढून टाका ना आता. मॅडमनी मान हलवली.

"चिठ्ठी काढत नाहीत. कुणाचीच, कधीच. चूक असली तरी राहते. तिच्या खाली दुसरी लावायची, काय आहे ते लिहून, आणि ज्याने बघितलं त्याने खाली आपलं नाव घालायचं."

"मग तुम्ही लिहा."

"मी नंतर बघितलं. आधी तुम्ही बघितलंत."

त्यांनी पुढे नखाएवढा कागद ठेवला आणि बारीक टोकाचं पेन. मी लिहायला बसलो. 'साधी माशी. शिवणीमागे चार खोबणी.' आणि खाली माझं नाव, जे हिच्या चिठ्ठीच्या खाली, तिला खोडून काढणारं, या पेटीत राहणार होतं. पहिल्या कागदावर शाई फुटली. दुसऱ्यावर माझं नाव मावलं नाही. तिसऱ्यावर रेघ कागदाबाहेर गेली. चौथा मी रागाने चुरगळला. कुलूपकाकांनी तो उचलून टोपलीत टाकला.

पाचवा बरा झाला. मॅडमनी तो भिंगाखाली धरला, वाचला आणि माझ्यापुढे परत सरकवला.

"'चार' लागत नाहीये," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षांनी कुणीतरी वाचणार आहे. परत लिहा."

मी खुर्ची पुढे ओढली. गुडघा खणाला आपटला. सहावा कागद घेतला.